केपीव्ही पेप्टाइड: कोलायटिस आणि एक्झिमासाठी कॅप्सूल, व्हायल, क्रीम. घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

मिरज_फार्मसिस्ट

नमस्कार. केपीव्हीबद्दल आता काउंटरवर सर्रास विचारणा होते. विचारणारे मुख्यतः दोन गटांतले. एक, अल्सरेटिव्ह कोलायटिसचे पेशंट, ज्यांना मेसालामाइन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाच्या गोळ्यांचा कंटाळा आलेला असतो. दुसरे एक्झिमा-सोरायसिसवाले. ऑनलाइन माल तीन रूपांत दिसतो: ५०० मायक्रोग्रॅमची कॅप्सूल, "फक्त संशोधनासाठी" असं छापलेली १० मिलिग्रॅम पावडरची व्हायल, आणि क्रीम.

प्राथमिक माहिती आहे, ती पुन्हा नको. अल्फा-एमएसएच या १३ अमिनो आम्लांच्या हार्मोनमधली शेवटची तीन, म्हणजे लायसिन-प्रोलिन-व्हॅलिन. त्वचा काळवंडवणारा भाग (६ ते ९ क्रमांकाची अमिनो आम्लं) यात नाही, त्यामुळे मेलानोटान या त्वचा काळवंडवणाऱ्या पेप्टाइडसारखा रंगावर परिणाम अपेक्षित नाही. पेशीत शिरून एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा मार्ग दाबतं. २००८ मध्ये उंदरांच्या कोलायटिसवर चांगले निकाल आले. इथवर ठीक.

मला हवंय ते पुढचं:

१. कॅप्सूलमधलं केपीव्ही मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं का?
२. विक्रेता जो शुद्धतेचा दाखला (सीओए) पाठवतो त्यावर "९९ टक्के" असतं. ते कितपत धरायचं?
३. कोणी घेतच असेल, तर गुण येतोय की नाही हे कशावरून ठरवायचं?
४. त्वचेवर लावून काही आत जातं का?

---

सी_अठरा

पेप्टाइड शुद्धीकरण हेच रोजचं काम आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

दाखल्यावरचे ९९ टक्के म्हणजे एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीच्या) आलेखात जेवढी शिखरं दिसली त्यांतला मुख्य शिखराचा वाटा. व्हायलमधल्या पावडरीत ९९ टक्के पेप्टाइड आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पावडरीत पाणी असतं आणि क्षारही असतो, आणि यातलं काही त्या आलेखात मोजलं जात नाही. केपीव्हीच्या बाबतीत हा फरक फार मोठा पडतो, कारण रेणूच एवढासा आहे. त्याचा रेणुभार ३४२.४. त्याला धनभार घेणाऱ्या दोन जागा आहेत, एक सुरुवातीचा अमिनो गट आणि दुसरी लायसिनची शेपटी. शुद्धीकरण टीएफए (ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल) वापरून केलं आणि या दोन्ही जागी टीएफए चिकटून राहिलं, तर एकूण भार ५७० च्या वर जातो. म्हणजे तराजूवर १० मिलिग्रॅम भरलेल्या पावडरीत खरं पेप्टाइड फक्त ६ मिलिग्रॅम. ॲसिटेट क्षार असेल तर साधारण ७.४. म्हणून दाखल्यावर "नेट पेप्टाइड कंटेंट" ही वेगळी ओळ आहे का ते बघा. नसेल तर लेबलवरचा १० चा आकडा कशाचा, हे विक्रेत्यालाही सांगता येणार नाही.

आता आलेख वाचताना. केपीव्हीत टायरोसिन नाही, ट्रिप्टोफॅन नाही. ही अमिनो आम्लं २८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात, त्यामुळे तिथे केपीव्ही जवळजवळ दिसतच नाही. मोजणी २१४ किंवा २२० ला व्हायला हवी, तिथे पेप्टाइड बंध प्रकाश शोषतो. दाखल्यावर २८० लिहिलं असेल तर तो आलेख दुसऱ्याच कुठल्या पेप्टाइडचा उचलून चिकटवलाय असं समजायला हरकत नाही.

दुसरी खूण शिखराच्या वेळेची. हा रेणू पाण्याला धरून राहणारा, सी-१८ कॉलमवर (एचपीएलसीतली घटक वेगळे करणारी नळी) फारसा टिकत नाही आणि सुरुवातीलाच बाहेर पडतो. क्षार आणि अर्धवट जोडलेले दोन अमिनो आम्लांचे तुकडेही तिथेच बाहेर पडतात. ॲसिटोनायट्राइल हा विद्रावक शून्य किंवा दोन टक्क्यांपासून सावकाश चढवलं तरच ते सुटे दिसतात. घाईची पद्धत वापरली की सगळं एका शिखराखाली दडतं आणि ९९ टक्के सहज "मिळतात". आलेखात मुख्य शिखर पहिल्या दोन मिनिटांत, सुरुवातीच्या खळबळीला चिकटून असेल, तर शुद्धतेचा आकडा सोडून द्या.

तिसरी गोष्ट मास स्पेक्ट्रमची, म्हणजे रेणूचं वजन दाखवणाऱ्या आलेखाची. केपीव्हीचं शिखर ३४३.२ ला यायला हवं. ३८४.३ दिसलं तर ते दोन्ही टोकं झाकलेलं रूप आहे (पुढे ॲसिटिल, मागे अमाइड), आणि ३४२ च्या आसपास दिसलं तर फक्त मागचं टोक अमाइड केलेलं. तिन्ही "केपीव्ही" याच नावाने विकली जातात. पोटासाठी हा फरक महत्त्वाचा, कारण आतड्यातला जो वाहक हे पेप्टाइड आत घेतो (पेप-टी-१) त्याला दोन्ही टोकं मोकळी असलेले दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे आवडतात. टोकं झाकली की त्याची ओढ कमी होते. आणि नुसत्या वजनावरून क्रम कळत नाही, व्हॅलिन-प्रोलिन-लायसिन असा उलटा रेणू अगदी तेवढ्याच वजनाचा भरतो. क्रमाची खात्री रेणू फोडून केलेल्या एमएस-एमएस चाचणीनेच होते.

साठवण: कोरडी पावडर उणे २० ला. फ्रीजरमधून काढलेली व्हायल लगेच उघडू नका, बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, थंड व्हायल उघडली की हवेतली वाफ आत जमते आणि पावडर काचेला चिकटून बसते. तशी चिकट झालेली पावडर पुढच्या वेळी वजनात आणि टिकण्यात दोन्हीकडे दगा देते.

---

गॅस्ट्रो_नागपूर

सी_अठरा यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे येतो.

कॅप्सूलच्या बाबतीत लोक पोटातल्या आम्लाला घाबरतात, पण इथे अडचण आम्लाची नाही. तीन अमिनो आम्लांच्या या तुकड्याला ट्रिप्सिन हे पाचक एन्झाइमही सहसा तोडू शकत नाही, कारण ते लायसिननंतर तोडतं खरं, पण पुढे प्रोलिन असेल तर अडतं. खरी अडचण त्यानंतरची. पेप-टी-१ हा वाहक निरोगी माणसात लहान आतड्यात भरपूर असतो आणि मोठ्या आतड्यात जवळजवळ नसतो. दाह असेल तर तो मोठ्या आतड्यातही उगवतो. केपीव्हीची सगळी आशा या शेवटच्या गोष्टीवर उभी आहे: जिथे दाह तिथेच दार उघडं. पण तोंडावाटे घेतलेलं पेप्टाइड त्या दाराशी पोचण्याआधी लहान आतड्याची कित्येक फूट लांब भिंत ओलांडून जातं, आणि तिथली सगळी दारं आधीपासून सताड उघडी असतात. शिवाय तिथल्या पेशींवर डीपीपी-४ हे एन्झाइम असतं, आणि दुसऱ्या जागी प्रोलिन असलेली साखळी तोडणं हेच त्याचं काम.

म्हणून लेबलवर "एन्टेरिक कोटेड" (जठरात न विरघळणारं आवरण) दिसलं तरी विचारा, कुठल्या पीएचला विरघळतं? ५.५ ला विरघळणारं आवरण जठर संपताच, ड्युओडेनममध्ये उघडतं. मोठ्या आतड्यासाठी ७ च्या आसपास विरघळणारं आवरण लागतं, मेसालामाइनच्या काही गोळ्यांना असतं तसं. बाजारातल्या केपीव्ही कॅप्सूलवर हा तपशील नसतो. आणि रोग गुदाशयापुरता असेल तर ७ चं आवरणही तोकडं पडतं, कारण औषध वरच्या भागातच पसरून जातं. हे संशोधकांनाही ठाऊक होतं. २०१० मध्ये केपीव्ही नॅनोकणांत भरून, ते कण जेलमध्ये घालून उंदरांना दिले, तेव्हा नुसत्या द्रावणाच्या १२,००० पट कमी मात्रेत परिणाम दिसला. म्हणजे नेमकं ठिकाणावर पोचवलं तर किती कमी लागतं, आणि नाही पोचवलं तर किती वाया जातं, ते बघा.

५०० मायक्रोग्रॅम हा आकडा कुठून आला, हेही तपासू. २००८ च्या प्रयोगात उंदरांना पिण्याच्या पाण्यात १०० मायक्रोमोलर केपीव्ही दिलं होतं. ते लिटरला ३४ मिलिग्रॅम होतं. वीस ग्रॅमचा उंदीर दिवसाला ४ मिलिलिटर पाणी पितो असं धरलं तर किलोला जवळपास ७ मिलिग्रॅम. उंदराची मात्रा माणसाला लावताना १२.३ ने भागतात. ६० किलोच्या माणसासाठी दिवसाला ३३ मिलिग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे त्या कॅप्सूलच्या साठाहून जास्त. कृपया ही मात्रा समजून कोणी घेऊ नका. आतड्यात जागेवर काम करणाऱ्या औषधाला हा हिशेब नीट लागूच पडत नाही, आणि माणसांत सुरक्षित मात्रा ठरवणाऱ्या चाचण्यांतून हे औषध गेलेलं नाही. सांगायचं एवढंच की कॅप्सूलवरच्या आकड्याला त्या प्रयोगांचा आधार नाही.

उंदरांच्या मॉडेलबद्दल एक गोष्ट पेशंटना जरूर सांगा. त्यांना कोलायटिस होतो तो पाण्यात डीएसएस नावाचं रसायन घालून. ते बंद केलं की उंदीर आपोआप बरा होत जातो. माणसाचा कोलायटिस तसा नाही, तो वर्षानुवर्षं उलटतो.

आता तिसरा प्रश्न. "बरं वाटतंय" यावर जाऊ नका. कोलायटिसमध्ये लक्षणं आणि आतला दाह बऱ्याचदा जुळत नाहीत. मोजायचं ते शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, दाहात वाढणारं प्रथिन. ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली म्हणजे दाह नाही, २५० च्या वर म्हणजे दाह सक्रिय आहे असं धरून पुढे जायचं, मधला पट्टा संशयाचा. ही चाचणी लोक कशी बिघडवतात ते सांगतो:

– डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलेलं असतं. या गोळ्या एकट्यानेच आकडा वर नेतात, आणि कोलायटिसही भडकवतात. पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही आकडा वाढू शकतो. नमुन्याआधी दोन आठवडे अशी वेदनाशामकं टाळा. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवा.
– पहिली चाचणी एका लॅबला, दुसरी भलतीकडे. किट बदललं की आकडा बदलतो. लॅब एकच ठेवा.
– एकदा सकाळचा पहिला नमुना, एकदा दुपारचा पातळ. दोन्ही वेळी सकाळचा पहिलाच द्या.
– केपीव्ही सुरू करतानाच मेसालामाइनची मात्रा वाढवलेली किंवा आहार बदललेला असतो. मग श्रेय कुणाला द्यायचं?

चाचणी सुरुवातीला एक आणि ८ ते १२ आठवड्यांनी एक. मधल्या काळात बाकी काही हलवायचं नाही.

आणि आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही: आतड्याचा क्षयरोग. क्रोन्स (आतड्याचा दुसरा दाहरोग) आणि क्षयरोग दुर्बिणीतून सारखे दिसू शकतात, कॅलप्रोटेक्टिन दोन्हीत वाढतं. ताप, वजन घटणं, उजव्या बाजूला खाली पोटात दुखणं, आणि निदान अजून पक्कं नाही, अशा माणसाला दाह दाबणारी कुठलीही गोष्ट स्वतःच्या मनाने सुरू करू देऊ नका.

---

मिरज_फार्मसिस्ट

दोघांचेही आभार. सर, यावर दोन उपप्रश्न. कोलायटिसवाल्यांना पूरक म्हणून काही हवंच असेल तर माणसांवर तपासलेलं काय सांगावं? आणि व्हायलवाले इन्सुलिनची सिरिंज मागतात, त्यांना काय सांगायचं?

---

गॅस्ट्रो_नागपूर

पूरक म्हणाल तर कर्क्युमिन. २०१५ च्या चाचणीत मेसालामाइन चालू असलेल्या, सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या ५० पेशंटवर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला घटक) विरुद्ध प्लासिबो (औषध नसलेली गोळी) असं पाहिलं गेलं आणि महिन्याभरात कर्क्युमिन गटात निम्म्याहून जास्त शांत झाले, प्लासिबोत कोणी नाही. दिल्लीच्या एम्समधल्या चाचणीत दिवसाला ४५० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा फरक पडला नाही. मात्रेचा प्रश्न असू शकतो, आणि स्वयंपाकातली हळद ३ ग्रॅमची मात्रा गाठू शकत नाही. पण मिरीचा अर्क घातलेल्या जोरकस कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा डॉक्टरांना विचारून, एलएफटीवर (यकृताच्या रक्तचाचणीवर) लक्ष ठेवूनच. मेसालामाइन तसंच चालू ठेवून, हे अधोरेखित करा.

त्याहून जास्त फायदा एका साध्या गोष्टीत आहे. डाव्या बाजूच्या कोलायटिसमध्ये गोळी आणि एनिमा दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा चांगलं काम करतात, आणि रोग फक्त गुदाशयात असेल तर रात्री मेसालामाइनची १ ग्रॅमची सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी) हाच पहिला उपाय. लोक संकोचाने एनिमा घेत नाहीत, मग "गोळ्या लागू पडत नाहीत" म्हणून पेप्टाइड शोधायला निघतात. तुमच्या काउंटरवर हा प्रश्न विचारा: एनिमा कसा घेता? तो झोपताना, शौचाला जाऊन आल्यावर, डाव्या कुशीवर पडून, उजवा गुडघा पोटाशी घेऊन घ्यायचा. बाटली आधी हलवायची, तळाशी औषध बसलेलं असतं. आणि रात्रभर राहिला तर उत्तम. बरेच जण बसून किंवा उभ्याने घेतात आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर.

---

सी_अठरा

सिरिंजबद्दल. पहिलं उत्तर: देऊ नका. "फक्त संशोधनासाठी" म्हणजे त्या मालावर निर्जंतुकतेची आणि एन्डोटॉक्सिनची चाचणी बंधनकारक नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने जिवाणू अडतात, पण मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे, म्हणजे एन्डोटॉक्सिन, आरपार जातात. थंडी वाजून ताप येतो तो त्याने. दाह कमी करायला घेतलेल्या इंजेक्शनने दाहच चढवायचा, हे कुणालाही नको आहे. भारतात केपीव्हीला औषध म्हणून मान्यता नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही २०२३ मध्ये हे पेप्टाइड, फार्मसीत बनवून देण्याच्या पदार्थांपैकी सुरक्षिततेची मोठी शंका असलेल्यांच्या यादीत टाकलं.

दुसरं, आपल्याकडे दोन तऱ्हेच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात. लाल टोपणाची यू-४० (मिलिलिटरला ४० युनिट) आणि केशरी टोपणाची यू-१०० (मिलिलिटरला १०० युनिट). परदेशी व्हिडिओ सगळे यू-१०० धरून "दहा युनिट घ्या" सांगतात, म्हणजे ०.१ मिलिलिटर. लाल टोपणात दहा युनिट म्हणजे ०.२५ मिलिलिटर. अडीच पट. आणि हाच गोंधळ घरात मधुमेही असेल तर कितीतरी जास्त घातक. केपीव्हीसाठी आणलेली केशरी सिरिंज आजोबांच्या हातात गेली आणि त्यांनी ४० युनिटच्या बाटलीतलं इन्सुलिन तीतून नेहमीच्या आकड्यावर ओढलं, तर त्यांना ठरलेल्या मात्रेच्या फक्त ४० टक्के इन्सुलिन मिळेल. उलट झालं, म्हणजे लाल सिरिंजने १०० युनिटचं ओढलं, तर अडीच पट जाईल आणि साखर धोक्याइतकी खाली येईल. सिरिंज मागणाऱ्याला "कशासाठी" हे विचाराच.

---

त्वचा_ओपीडी

चौथा प्रश्न राहिला म्हणून लिहिते.

५०० डाल्टनच्या खालचा रेणू त्वचेतून जाऊ शकतो, हा नियम विक्रेते केपीव्हीसाठी पुढे करतात. वजनाचा निकष ते पाळतं, पण त्वचेचा वरचा थर तेलकट आहे आणि केपीव्ही पाण्यात रमणारं, भारित. धड त्वचेतून ते नगण्य जातं. प्रयोगांत मायक्रोनिडलने छिद्रं पाडून वर विजेचा सौम्य प्रवाह दिला तेव्हा ते आत गेलं. एक्झिमात थर आधीच फाटलेला असतो, त्यामुळे तिथे थोडं जास्त जाईल हे मान्य. पण त्या फाटलेल्या थरातून क्रीममधलं प्रिझर्व्हेटिव्ह, सुगंध आणि जंतूही तितक्याच सहज जातात. घरी डर्मारोलर (बारीक सुयांचा रोलर) फिरवून त्यावर क्रीम लावणं तर साफ टाळा.

केपीव्ही प्रयोगशाळेत स्टॅफिलोकोकस ऑरियसची वाढ रोखतं असं २००० मध्ये दाखवलं गेलं, आणि एक्झिमाच्या त्वचेवर हाच जंतू फोफावतो. म्हणून कल्पना चांगली आहे. पण काचेच्या भांड्यात दिसलेलं काम क्रीमच्या डबीतून झालं, असं दाखवणारा माणसांवरचा पुरावा लागतो.

मला खरी काळजी आहे ती "पेप्टाइड क्रीम" म्हणून येणाऱ्या, घटकांची यादी नसलेल्या डब्यांची. दोन दिवसांत खाज आणि लाली गायब झाली तर आधी स्टेरॉइडचा संशय घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल असंच वागतात. खुणा: लावणं थांबवलं की तीन-चार दिवसांत दुप्पट भडका, चेहऱ्यावर बारीक लाल शिरा, पुळ्या, लव वाढणं, त्वचा पातळ होऊन चमकणं. गजकर्णावर लावलं गेलं तर कडा पुसट होतात आणि ते पसरत जातं, मग निदानही अवघड. अशी अनेक स्टेरॉइड मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. बिननावाच्या डबीतून तीच वाट काढून येतात.

तरी कोणाला नवं क्रीम लावूनच बघायचं असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. एकदा लावून "काही झालं नाही" म्हणणं पुरेसं नाही, ॲलर्जी चौथ्या-पाचव्या दिवशीही उठते.

आणि ज्याने एक्झिमा खरोखर आटोक्यात राहतो ते: कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ, अंग टिपून, तीन मिनिटांच्या आत ओलसर अंगावर मॉइश्चरायझर. मोठ्या माणसाला सर्वांगाला आठवड्याला २५० ग्रॅम तरी लागतं. महिन्याला ५० ग्रॅमची एक ट्यूब संपवणारा पेशंट "मॉइश्चरायझरने फरक पडत नाही" म्हणतो, त्यात नवल नाही. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम बोटाच्या पहिल्या पेरावर लावलेल्या एका पट्टीएवढं, साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं.

---

मिरज_फार्मसिस्ट

मॅडम, धन्यवाद, हे काउंटरवर थेट वापरता येईल. सर, शेवटचं: केपीव्ही सुरू करून मेसालामाइन स्वतःहून बंद केलेला पेशंट आला आणि पुन्हा रक्त पडतंय म्हणाला, तर कुठली पाठवणी तातडीची आणि कुठली उद्याची?

---

गॅस्ट्रो_नागपूर

पाच गोष्टी विचारा आणि मोजा. दिवसात रक्ताचे शौच किती? नाडी, ताप, आणि अलीकडचं हिमोग्लोबिन आणि ईएसआर (दाह दाखवणारी रक्तचाचणी) किती? रक्ताचे शौच सहा किंवा जास्त, आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर, किंवा ताप ३७.८ सेल्सिअसच्या वर, किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, किंवा ईएसआर ३० च्या वर, यातलं एक जरी असेल तर तो तीव्र कोलायटिस आहे. त्याच दिवशी दवाखान्यात दाखल व्हायला सांगा. पोट फुगून कडक झालं असेल तर आकड्यांची वाट बघू नका.

यात बसत नसेल तर एक-दोन दिवसांत त्याच्या डॉक्टरांकडे. शौचाची तपासणी आधी, अमीबा आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल यांसाठी. भडका वाटतो त्यातला काही भाग संसर्गच निघतो. मेसालामाइन पुन्हा सुरू करणं, मात्रा आणि एनिमा डॉक्टर ठरवतील. बंद करून किती दिवस झाले ते चिठ्ठीवर लिहून द्या, आणि केपीव्हीची व्हायल किंवा डबी सोबत न्यायला सांगा. बरेच पेशंट ते सांगतच नाहीत, आणि डॉक्टर मेसालामाइन निकामी ठरलं असं समजून सरळ पुढच्या पायरीच्या, महागड्या औषधांकडे वळतात.

रक्त पडतंय म्हणून लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका. जुन्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही देऊ नका, ते पेशंटने मागितलं तरी.